उसाची ट्रॉली, रणगाडा आणि दूरचे तारे

दिवाळी सरली की नगर जिल्ह्यातल्या रस्त्यांची चाल बदलते. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, शेवगाव. जिकडे कारखाना तिकडे उसाच्या वाहनांची रांग. बैलगाड्या असतात, ट्रक असतात, पण रस्ता अडवून धरते ती डबल ट्रॉली. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या आणि त्यांत मोळ्यांची इतकी उंच रास, की मागून येणाऱ्याला ट्रॅक्टर दिसतच नाही. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. गाळपाचा हंगाम पूर्वीसारखाच येतो. या दिवसांत मुरलेला एस.टी. चालक भरल्या ट्रॉलीला मागे टाकून लगेच तिच्यापुढे ब्रेक मारत नाही. तिला थांबता येत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते.

आता दुसरी बाजू पाहा. तोच ट्रॅक्टर ट्रॉल्या सोडून एकटा गावात शिरतो, तेव्हा शेळी आडवी आली तरी तीनेक मीटरमध्ये उभा राहतो. ब्रेक तेच, टायर तेच, रस्ता तोच, चालवणाराही तोच. वाढला होता तो फक्त ऊस. उसाला इंजिन नाही, हातपाय नाहीत. तो निमूट पडून असतो. मग ब्रेकशी झुंजते कोण?

या प्रश्नाचे निम्मे उत्तर सव्वातीनशे वर्षांपूर्वी मिळाले. उरलेल्या निम्म्यासाठी विसाव्या शतकात एका मराठी शास्त्रज्ञाने आपल्या उमेदीची वर्षे घातली, आणि ते उत्तर अजून पुरे झालेले नाही.

बैलांचा पहिला जोर

फडातून उसाची गाडी रस्त्यावर येते आणि कुठेतरी थांबते. पुन्हा निघताना नीट पाहावे. बैल मान खाली घालतात, पुढचे पाय रोवतात, जू मानेत रुतते, पुठ्ठ्यांचे स्नायू ताठ होतात. गाडीवान खाली उतरून चाकाला हात लावतो. गाडी कुरकुरते, हलते, आणि चार पावलांत सगळे बदलते. बैलांच्या माना वर येतात, चाल एकसारखी होते आणि गाडीवान पुन्हा वर चढून बसतो. ओझे तितकेच आहे. जोर मात्र कमी झाला.

थोडा हिशेब करू. गाडी आणि ऊस मिळून दोन टन धरा. डांबरी रस्त्यावर रबरी टायरच्या गाडीला चाकांचे घर्षण साधारण पन्नास किलो वजनाच्या ओढीइतके होते, असेही धरा. गाडी एकसारख्या चालीने चालू असताना बैलांना तेवढेच ओढायचे असते. पण थांबलेली गाडी दोन सेकंदांत ताशी चार किलोमीटर वेगाला आणायची, तर त्याखेरीज आणखी सुमारे एकशे दहा किलोंची ओढ लागते. म्हणजे सुरुवातीला तिप्पट जोर. थांबलेली चाके आणि आस जरा चिकटून बसल्यासारखी असतात, त्याचीही थोडी भर पडते. पण मोठा वाटा दोन टनांचा वेग बदलण्याचा. तोच वेग दोनऐवजी चार सेकंदांत गाठला, तर एकशे दहाची ओढ पंचावन्नवर येते. जाणता गाडीवान निघताना बैलांना आसूड न मारता हळूहळू जोर घेऊ देतो. त्याच्या त्या समजुतीला भौतिकशास्त्राचा पूर्ण पाठिंबा आहे.

यातूनच माणसाची हजारो वर्षांची एक चुकीची समजूत झाली. बैल ओढायचे थांबले की गाडी थांबते. म्हणून गती टिकवायला सतत जोर लागतोच, असे ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल मानत होता. रोजचा अनुभव त्याच्याच बाजूचा असल्याने दोन हजार वर्षे ते कोणाला फारसे खटकले नाही. सतराव्या शतकात इटलीत गॅलिलिओने उतरत्या फळ्यांवरून गोळे सोडले आणि फळी जितकी गुळगुळीत तितका गोळा लांब जातो हे पाहिले. घर्षण अजिबात नसते तर? मग गोळा थांबला कशाला असता! गाडी थांबते ती बैलांनी ओढणे सोडले म्हणून थांबत नाही, रस्ता तिला घर्षणाने मागे ओढतो म्हणून थांबते.

न्यूटनने १६८७ साली हे नियमाच्या रूपात मांडले. स्थिर वस्तू स्थिर राहते, चालती वस्तू सरळ रेषेत त्याच वेगाने चालत राहते; बाहेरून बल लागले तरच यात बदल होतो. वस्तूच्या या स्वभावाला आपण जडत्व म्हणतो. ते किती आहे याचे माप म्हणजे वस्तुमान. एखाद्या वस्तूच्या वेगात ठरावीक बदल ठरावीक वेळात घडवायला दुप्पट बल लागत असेल, तर तिचे वस्तुमान दुप्पट. वस्तुमान म्हणजे आत किती माल भरला आहे, एवढेच आपण सहसा समजतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने त्याची खरी ओळख ही आहे: वेग बदलायला वस्तू किती अडून बसते.

येथे एक गोष्ट ठसवून सांगायला हवी, कारण शाळेत ती निसटते. जडत्व गतीला विरोध करत नाही. ते गतीतल्या बदलाला विरोध करते. निघताना मागे ओढणारा आणि थांबताना पुढे ढकलणारा, हे दोन वेगळे गुण नाहीत.

माळीवाड्याहून पुण्याला

राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला धावली, नगरच्या माळीवाड्यातून. त्या दिवसापासून आजपर्यंत उभ्याने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने जडत्वाचे तिन्ही धडे दांडीला धरून घेतले आहेत. गाडी सुटली की पाय फरशीबरोबर पुढे जातात, धड मागे राहते, आणि मागे कोणी ढकलले नसताना माणूस मागे झुकतो. ब्रेक लागला की पाय थांबतात, धड पुढे जात राहते. वळणावर गाडी डावीकडे वळते, धड मात्र सरळच जायला पाहते आणि आपण उजवीकडे फेकले गेलो असे वाटते.

खरे तर उजवीकडे कोणीच फेकलेले नसते. गाडी आपल्याखालून डावीकडे सरकली. उसाच्या ट्रॉलीतल्या सर्वांत वरच्या मोळ्याही वळणावर हेच करतात. दोरखंड सैल असला तर ट्रॉली वळते आणि मोळ्या सरळ जातात, थेट शेजारून चाललेल्या मोटारसायकलवर.

अकरा पट

आता मूळ कोड्याकडे येऊ. आकडे सोपे धरतो, पण ते वास्तवाच्या जवळचे आहेत. ट्रॅक्टर दोन टनांचा. दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून वीस टन. एकूण बावीस. वेग ताशी वीस किलोमीटर.

ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या मोठ्या चाकांना असतात. ब्रेक कितीही घट्ट दाबला तरी थांबवणारे बल शेवटी टायर आणि रस्ता यांच्या पकडीतूनच येते. ती पकड चाकावर किती भार आहे यावर ठरते. मागच्या चाकांवरचा भार पाहता ही पकड फार तर एक टन वजनाइतके बल देईल. एकट्या दोन टनी ट्रॅक्टरला तेवढे बल भरपूर झाले. तो सुमारे तीन मीटरमध्ये थांबतो. तेच एक टनाचे बल आता बावीस टनांना थांबवायचे आहे. वस्तुमान अकरा पट, म्हणून वेग घटण्याची गती अकरावा हिस्सा, म्हणून अंतर अकरा पट: सुमारे पस्तीस मीटर. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी साडेपाच मीटर. चाकांचे स्वतःचे घर्षण थोडी मदत करते, ते येथे सोडून दिले आहे. ते धरले तरी चित्र फारसे बदलत नाही.

आणि हे सपाट रस्त्यावर. वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली जाणारा उतार घ्या. चंदनापुरी किंवा करंजीच्या घाटाचे नावही नको, कॅनॉलच्या पुलावरून उतरणाऱ्या रस्त्याला इतका उतार सहज असतो. अशा उतारावर गुरुत्वाकर्षण बावीस टनांना त्यांच्या विसाव्या हिश्शाने, म्हणजे एक टन शंभर किलोंच्या ओढीने खाली खेचते. ब्रेकचे बल एक टन. ब्रेक पूर्ण दाबूनही उताराची ओढ वरचढ ठरते आणि थांबवण्याचे काम चाकांच्या घर्षणावर सोडावे लागते. चालक घाबरून अधिक जोरात ब्रेक दाबतो, मागची चाके फरफटतात, वीस टनांच्या ट्रॉल्या मागून रेटत राहतात आणि ट्रॅक्टर आडवा होतो. अपघातानंतर लोक म्हणतात, ब्रेक फेल झाले. पुष्कळदा ब्रेक शाबूत असतात. त्यांच्याकडून जे मागितले ते त्यांच्या आवाक्यातच नसते.

वेग निम्मा केला तर मात्र मोठा फरक पडतो. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ताशी दहा किलोमीटरला पस्तीसचे नऊ मीटर होतात. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा, हा जुन्या चालकांचा दंडक याच गणितावर उभा आहे. वेग वाढू दिला की तो परत घेणे ब्रेकच्या हाती राहत नाही.

मग रणगाडा कसा थांबतो?

चौकस वाचक येथे विचारेल: बावीस टनांचे एवढे, तर चाळीस-पन्नास टनांचा रणगाडा थांबतच नसेल! नगर ही लष्कराच्या रणगाडा दलाच्या प्रशिक्षणाची जागा. शहरात १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे आणि तिथे युद्धात हाती आलेला अमेरिकी बनावटीचा पॅटन उभा आहे. पॅटन सुमारे पंचेचाळीस टनांचा, म्हणजे भरल्या डबल ट्रॉलीच्या दुप्पट. तरीही त्याच वेगाला तो ट्रॉलीपेक्षा कितीतरी कमी अंतरात थांबू शकतो.

कारण साधे आहे. रणगाड्याचे सगळे वजन त्याच्या दोन पट्ट्यांवर असते आणि ब्रेक त्याच पट्ट्यांना लागतो. वस्तुमान दुप्पट झाले की जडत्व दुप्पट होते, पण जमिनीवरचा भारही दुप्पट होतो आणि पकडही दुप्पट. दोन्ही बरोबरीने वाढल्याने थांबण्याचे अंतर जवळजवळ तेच राहते. सर्व चाकांना चांगले ब्रेक असलेला भरला ट्रकही याच कारणाने बऱ्यापैकी थांबतो. बिनब्रेकच्या ट्रॉलीत गोची अशी, की वीस टनांचे जडत्व मागून येते आणि त्या वीस टनांखालची पकड कोणी वापरतच नाही. ट्रॉलीची चाके नुसती फिरत राहतात.

तेव्हा दोष जडपणाचा नाही. ज्या चाकावर भार आहे त्या चाकाला ब्रेक नाही, हा दोष आहे, आणि तो दूर करता येतो. ट्रॉलीला ब्रेक बसवणे हा खर्चाचा प्रश्न म्हणून पाहिला जातो. माझ्या मते तो आधी समजुतीचा प्रश्न आहे.

रणगाड्याला जड असण्याचा फायदाही होतो. दहा किलोचा गोळा सेकंदाला दीड हजार मीटर वेगाने सुटला, तर पन्नास टनांच्या रणगाड्याला बसणारा उलटा धक्का सेकंदाला जेमतेम फूटभर वेगाचा. तीच तोफ जीपवर बसवली तर पहिल्याच गोळ्याला जीप उलटेल.

चौकट: काटा काय मोजतो?

कारखान्याच्या काट्यावर ट्रॉली चढते तेव्हा काटा तिचे वजन मोजतो, म्हणजे पृथ्वी तिला किती जोराने खाली ओढते ते. वस्तुमान म्हणजे तिचा वेग बदलायला ती किती विरोध करते ते. पृथ्वीवर दोन्ही एकमेकांच्या प्रमाणात असल्याने एकाच आकड्यात काम भागते.

चंद्रावर ते भागत नाही. तिथे वजन सहावा हिस्सा होते, वस्तुमान तेवढेच राहते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चा 'विक्रम' उतरला. उड्डाणाच्या वेळी त्याचे वस्तुमान १,७५२ किलो होते. उतरायला लागला तेव्हा तो सेकंदाला १.६८ किलोमीटर, म्हणजे ताशी सुमारे सहा हजार किलोमीटर वेगाने जात होता. चंद्रावर वजन कमी म्हणून हा वेग मारायला इंजिनांना सूट मिळाली नाही. जडत्व पृथ्वीवर होते तेवढेच होते.

अंतराळस्थानकात तर काटा शून्यच दाखवील. तिथे अंतराळवीराला स्प्रिंग लावलेल्या आसनावर बसवून मागेपुढे हेलकावे देतात. वस्तुमान जास्त, तर हेलकावा सावकाश. १९७३ साली स्कायलॅबवर असे यंत्र वापरले गेले.

जडत्वाकडून करून घेतलेली कामे

विहिरीवरचे जुने डिझेल इंजिन सुरू करताना ज्यांनी हँडल मारले आहे, त्यांना जडत्व हातात जाणवलेले आहे. एका हाताने वरचा लिव्हर उचलून धरायचा, म्हणजे आतली हवा दाबली जात नाही. दुसऱ्या हाताने हँडल फिरवायचे. पहिली फेरी जीव काढते. बाजूचे भले मोठे ओतीव लोखंडी चाक जागचे हलायला तयार नसते. तीन-चार फेऱ्यांनी ते वेग घेते आणि आता तेच चाक हाताला ओढू लागते. त्या क्षणी लिव्हर सोडायचा. चाकातला साठलेला वेग दट्ट्याला हवा दाबायला लावतो, डिझेल पेटते आणि इंजिन फटफटू लागते.

त्या चाकाचे काम तिथे संपत नाही. चार टप्प्यांच्या एक सिलिंडरी इंजिनात दोन फेऱ्यांमध्ये एकदाच जोर मिळतो. हवा आत घेणे, दाबणे आणि धूर बाहेर टाकणे या उरलेल्या वेळात इंजिन चालते ते केवळ जडत्वावर. चाकाचे लोखंड मध्यावर न ठेवता कडेला का जाड केलेले असते, हेही यातूनच कळते. कडेचा भाग एका फेरीत जास्त अंतर कापतो, म्हणून तेवढ्याच लोखंडाचा फिरण्यातल्या बदलाला होणारा विरोध अधिक होतो. रसवंतीच्या चरकावरही असे जड चाक असले की कांडे मध्येच अडखळत नाही.

दुसरे काम साखर कारखान्यातले. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने याच जिल्ह्यात, प्रवरानगरला उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. रस आटवल्यावर साखरेचे दाणे आणि चिकट मळी यांचे दाट मिश्रण तयार होते. ते गाळायला ठेवले तर दिवस जातील. म्हणून ते बारीक भोकांच्या जाळीदार भांड्यात घालून भांडे गरगर फिरवतात. सव्वा मीटर व्यासाचे भांडे मिनिटाला हजार फेऱ्या घेत असेल, तर आतल्या प्रत्येक कणाला वाकड्या वाटेने फिरवत ठेवायला त्याच्या वजनाच्या सातशे पट बल लागते. दाण्यांना ते बल जाळीकडून मिळते, म्हणून दाणे भांड्याबरोबर फिरतात. मळीसमोर भोक येते. तिला वळवणारे कोणी उरत नाही आणि ती सरळ निघून जाते. मळी बाहेर फेकली जाते असे आपण म्हणतो, पण ती फक्त आपली सरळ वाट धरते. साखर मागे राहते.

हा विरोध येतो कुठून?

येथपर्यंत सांगितले ते नववीच्या पुस्तकातल्या 'गतीचे नियम' या धड्याच्या कक्षेतले आहे. आता त्याच्या पलीकडे जाऊ. ऊस वेग बदलू देत नाही हे कळले. पण का देत नाही?

आधुनिक कणभौतिकी काही सांगते. विश्वभर पसरलेल्या हिग्ज क्षेत्रामुळे इलेक्ट्रॉन, क्वार्क यांसारख्या मूलकणांना वस्तुमान मिळते आणि त्या क्षेत्राचा कण सापडल्याची घोषणा ४ जुलै २०१२ रोजी झाली. पण आपल्या शरीराच्या किंवा उसाच्या वस्तुमानात हा वाटा अगदी थोडा. बहुतेक वस्तुमान प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आत क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेचे असते. वस्तुमानाचा आकडा कुठून आला हे यातून बरेचसे कळते. वेगातला बदल म्हणजे कशाच्या तुलनेत बदल, हा जुना प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

तो प्रश्न न्यूटनने स्वतः बादलीने विचारला होता. पाण्याने अर्धी भरलेली बादली दोरीला टांगा, दोरीला भरपूर पीळ द्या आणि सोडा. सुरुवातीला बादली फिरते, पाणी शांत. पाण्याचा पृष्ठभाग सपाट. हळूहळू पाणीही बादलीबरोबर फिरू लागते आणि त्याचा पृष्ठभाग मध्ये खोलगट होऊन कडेला चढतो. आता बादलीच्या तुलनेत पाणी स्थिर आहे, तरी ते कडेला चढले. म्हणजे आपण फिरतो आहोत हे पाण्याला कळले ते बादलीवरून नव्हे. मग कशावरून? न्यूटनचे उत्तर होते: रिकाम्या, अचल अशा अवकाशाच्या तुलनेत.

पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेत एक लांब लंबक टांगलेला आहे. फ्रान्सच्या फूकोने असा लंबक १८५१ साली पॅरिसमध्ये दाखवला होता. त्याच्या झोक्याची दिशा सावकाश फिरताना दिसते. पुण्याच्या अक्षांशावर एक पूर्ण फेरी व्हायला सुमारे पंचाहत्तर तास लागतात, आणि त्याचे कारण खाली फिरणारी पृथ्वी. थोडक्यात, लंबक आपली दिशा पुण्याच्या इमारतीशी जुळवत नाही, दूरच्या ताऱ्यांशी जुळवतो. बंद छताखाली टांगलेल्या लोखंडी गोळ्याचा आणि ताऱ्यांचा संबंध काय?

ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट माखने १८८३ मध्ये न्यूटनच्या उत्तराला हरकत घेतली. रिकामे अवकाश दिसत नाही, मोजता येत नाही. त्याच्या तुलनेत फिरणे या बोलण्याला अर्थ काय? विश्वात जे खरोखर आहे, म्हणजे तारे आणि सगळे द्रव्य, त्याच्याच तुलनेत गतीला अर्थ आहे. मग जडत्वही त्या द्रव्यामुळेच असले पाहिजे. घरातला एक मुलगा थोरला असतो तो धाकटी भावंडे आहेत म्हणून; एकुलत्या एका मुलाच्या थोरलेपणाला काही अर्थ नाही. माखच्या मते जडत्वाचे तसेच आहे. विश्वात उसाची एकच ट्रॉली असती आणि दुसरे काहीच नसते, तर तिला थांबवायला बळच लागले नसते. आईनस्टाईनवर या विचाराचा फार प्रभाव होता. त्याच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतात माखचा थोडा अंश आलाही आहे: फिरणारी पृथ्वी आजूबाजूच्या अवकाशाला किंचित फरफटवते, आणि ग्रॅव्हिटी प्रोब-बी या उपग्रहाने ते मोजले. पण माखची कल्पना त्यात पूर्णपणे उतरली नाही.

ती पूर्णपणे उतरवायचा प्रयत्न केंब्रिजमध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि जयंत नारळीकर यांनी केला. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले नारळीकर तेव्हा पंचविशीत होते. १९६४ मध्ये दोघांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. त्याचा गाभा असा, की कोणत्याही कणाचे जडत्व त्याच्या एकट्याच्या मालकीचे नाही. विश्वातला दुसरा प्रत्येक कण त्यात आपला वाटा घालतो आणि त्या सगळ्या वाट्यांची बेरीज म्हणजे त्या कणाचे वस्तुमान. विश्वात असंख्य कण असल्याने या बेरजेतून नेहमीच्या व्यवहारात आईनस्टाईनचीच समीकरणे मिळतात. शिवाय गुरुत्वाकर्षण नेहमी ओढणारेच का असते, ढकलणारे का नसते, हेही या मांडणीतून आपोआप निघते. आईनस्टाईनच्या सिद्धांतात ती गोष्ट बाहेरून ठरवून घ्यावी लागते.

बहुसंख्य शास्त्रज्ञांनी हा सिद्धांत स्वीकारलेला नाही. निरीक्षणांच्या कसोट्यांवर आईनस्टाईनचा सिद्धांत टिकून आहे आणि वेगळे काही मानायला भाग पाडील असा पुरावा हाती आलेला नाही. तरीही माझ्या मते हा विसाव्या शतकातल्या भारतीय विज्ञानातला एक अत्यंत धाडसी विचार आहे. त्याचे मोल त्याच्या यशापयशावर तोलू नये. ट्रॉली का थांबत नाही, या प्रश्नाचा धागा पकडून विश्वातल्या शेवटच्या ताऱ्यापर्यंत जाण्याची ही हिंमत आहे. नारळीकरांनी पुढे पुण्यात आयुका उभी केली, मराठीत विज्ञानकथा लिहिल्या, २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या कथा मराठी घरांत पुष्कळ वाचल्या गेल्या. त्यांच्या या सिद्धांताबद्दल मात्र आपण मराठीत फारच कमी बोललो.

न उकललेली आणखी एक गाठ आहे. काटा मोजतो ती पृथ्वीची ओढ आणि ब्रेकला जाणवतो तो जडत्वाचा विरोध, या दोन गोष्टी इतक्या तंतोतंत प्रमाणात का? जड वस्तूला पृथ्वी जास्त ओढते, पण ती वस्तू तितक्याच पटीने हलायला नाखूश असते, म्हणून हलकी आणि जड वस्तू बरोबरच पडतात. १९७१ साली अपोलो-१५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडले. हवा नसल्याने दोन्ही एकाच वेळी जमिनीवर पडले. त्यानंतरच्या उपग्रहावरील प्रयोगांनी ही बरोबरी हजार अब्जांत एक भागाहूनही बारीक पातळीवर तपासली. तरी ती ढळलेली नाही. आईनस्टाईनने ही बरोबरी निसर्गाचे मूळ तत्त्व मानली आणि तिच्यावर आपला सिद्धांत उभारला.

विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. नववीला जडत्वाचा नियम शिकवताना पत्ता आणि नाण्याचा प्रयोग जरूर करा, पण त्यासोबत वर्गात पाण्याची बादली टांगून फिरवा आणि पाणी कडेला का चढले हे मुलांना विचारा. कोणाला उत्तर आले नाही तर घाई करू नका. न्यूटन, माख आणि आईनस्टाईन यांचेही यावर एकमत झालेले नाही, हे त्यांना सांगा. नारळीकरांचे नाव तिथेच, त्याच तासाला घ्या. आणि मुले कारखान्याच्या वाटेवर सायकल चालवणारी असतील, तर पस्तीस मीटरचा हिशेब त्यांच्याकडून फळ्यावर करून घ्या.